रिकामी पिकअप, चाकातला सेन्सर आणि त्यामागचा शंभर वर्षांचा इतिहास



आज पिकाबद्दल नाही, पीक वाहून नेणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय. जरा लांबेल, पण ज्यांच्या दारात पिकअप उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. टोमॅटो चालू होते. आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा कधी लागायचा, कधी विझायचा. गॅरेजला नेली. पोरानं मशीन लावलं, पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर दाखवला. नवा टाकला, पैसे दिले, दिवा गेला. आठ-दहा दिवसांनी परत तेच. आता नवा सेन्सर टाकलाय म्हणजे वायरिंगचं काहीतरी बारीकसारीक असेल, सीझन संपल्यावर बघू, असं म्हणून मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. हो, मीच लावली.

मग एका पहाटे मार्केट यार्डात, कॅरेट उतरवून रिकामी गाडी हळूहळू बाहेर काढत होतो. पुढं एक हमाल हातगाडी ओढत चाललेला. ब्रेकवर पाय ठेवला आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं, कडकड आवाज आला आणि गाडी थांबेना. वेग माणसाच्या चालण्याएवढा, तरी चार-पाच फूट पुढं गेली. हमालानं हातगाडी सोडून बाजूला उडी मारली म्हणून वाचला. मला एवढंच म्हणाला, "तात्या, ब्रेक करून घ्या." त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ब्रेक चांगले, ऑइल भरलेलं, लायनर नवे. मग झालं काय? त्याचं उत्तर दुसऱ्या एका मेस्त्रीनं दाखवलं. नंतर मी या विषयाची जमेल तेवढी माहिती वाचली, तेव्हा कळलं की अगदी हीच भानगड वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत लाखो पिकअपमध्ये झाली होती. म्हणून हा इतिहास.

आधी सेन्सर म्हणजे काय ते

आपल्या वयाच्या माणसांनी सायकलचा डायनॅमो वापरलाय. टायरला घासून फिरायचा आणि पुढचा दिवा लागायचा. जोरात पायडल मारलं की उजेड भरपूर, चढाला सायकल हळू झाली की दिवा मिणमिणता. चुंबक आणि तारेची गुंडाळी एकमेकांजवळ हलली की वीज तयार होते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवून दिलं. डायनॅमो त्याच तत्त्वावर चालतो.

चाकाचा सेन्सर, जुन्या पद्धतीचा, त्याचाच छोटा भाऊ. सेन्सरच्या पोटात चुंबक आणि गुंडाळी. समोर चाकाच्या हबवर एक दातेरी लोखंडी रिंग. रिंग फिरली की दात, खाच, दात, खाच असं सेन्सरसमोरून जातं आणि दर दाताला विजेचा एक हेलकावा तयार होतो. गाडीतला कॉम्प्युटर हे हेलकावे मोजतो आणि चाकाचा वेग ओळखतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक एकदम बंद पडतंय असं दिसलं, की त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, परत धरतो, परत सैल. असं सेकंदाला कित्येक वेळा. म्हणून पेडल थरथरतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, सेन्सर आणि रिंग यांच्यात जेमतेम एखाद्या मिलिमीटरची फट असते. फट वाढली की सिग्नल कमजोर. दोन, डायनॅमोसारखंच वेग कमी झाला की सिग्नल कमजोर. फट वाढलेली आणि वेगही कमी, असं दोन्ही एकत्र आलं की सेन्सर मुकाच होतो. पुढची सगळी गोष्ट या दोन वाक्यांवर उभी आहे.

सुरुवात विमानापासून

चाक जाम होऊ द्यायचं नाही ही कल्पना गाडीवाल्यांची नाही, विमानवाल्यांची. विमान उतरताना चाक जाम झालं तर टायर घासून फुटतो, आणि ओल्या धावपट्टीवर विमान वळायचंही ऐकत नाही. फ्रान्सच्या गॅब्रिएल व्हॉइझँ यांनी १९२० च्या दशकात विमानाच्या ब्रेकवर असे प्रयोग केले. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या डनलॉप कंपनीचं 'मॅक्सारेट' नावाचं यंत्र विमानांना बसायला लागलं. त्यात वीज नाही, कॉम्प्युटर नाही. चाकाबरोबर फिरणारं एक छोटं जड चक्र. चाक एकदम थांबायला लागलं तरी ते जड चक्र आपल्या गतीनं पुढं फिरत राहतं, आणि तेवढ्या फरकानं ब्रेकच्या दाबाचा व्हॉल्व्ह उघडतं. म्हणजे सेन्सरचं काम तेव्हा एक लोखंडी चक्र करत होतं.

बुलेटवाल्यांसाठी एक गोष्ट. १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीनं हे मॅक्सारेट रॉयल एन्फिल्डच्या सुपर मिटिऑर मोटारसायकलवर लावून बघितलं. निसरड्या रस्त्यावर चांगला फायदा दिसला, पण ते विक्रीच्या गाडीत काही आलं नाही. आपल्याकडं १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं १ एप्रिल २०१९ पासून. मधे साठ वर्षं गेली.

१९६६ ला इंग्लंडच्या जेन्सन एफएफ या चारही चाकं ओढणाऱ्या मोटारीत मॅक्सारेट आलं. मोटार महाग, सगळ्या मिळून ३२० च्या आसपासच बनल्या. लोखंडी चक्राचा जमाना गाड्यांत तिथंच थांबला.

चक्र गेलं, सेन्सर आला

पुढची पायरी अमेरिकेत पडली. १९६९ च्या सुमाराला फोर्डनं आपल्या महागड्या मोटारींत फक्त मागच्या चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. १९७१ मध्ये क्रायस्लरनं बेंडिक्स कंपनीबरोबर इम्पीरियल मोटारीत चारही चाकांची यंत्रणा आणली. आता चाकाचा वेग वायरमधून कळायला लागला. पण तेव्हाची इलेक्ट्रॉनिक्स नाजूक. उष्णता, हादरे, ओल यात ती टिकणं अवघड.

जर्मनीत डेमलर-बेंझनं १९७० साली आपली यंत्रणा लोकांना दाखवली, पण ती विकायला आणायला आणखी आठ वर्षं लागली. कॉम्प्युटरचे सुटे भाग कमी केल्याशिवाय आणि ते टिकाऊ झाल्याशिवाय ब्रेकसारखी गोष्ट त्यावर सोडायची नाही, असं त्यांनी धरलं. शेवटी १९७८ ला बॉशनं बनवलेलं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. आज आपण ज्याला एबीएस म्हणतो त्याचा खरा जन्म हा. दाखवल्यापासून आठ वर्षं थांबायचं धाडस सगळ्यांना जमत नाही. आपल्याकडं दोन प्लॉटवर बघितलेलं औषध तिसऱ्या वर्षी सगळ्या तालुक्यात पोचतं.

पिकअपचं दुखणं वेगळं

आता आपल्या गाडीकडं येऊ. एबीएस महागड्या मोटारींत आलं हे झालंच, पण त्याची गरज पिकअपला जास्त होती. का, ते आपल्याला अनुभवानं माहीत आहे.

पिकअपचं इंजिन आणि केबिन पुढं, हौदा मागं. हौद्यात ६०-७० कॅरेट भरलेले असतात तेव्हा मागची चाकं रस्त्याला दाबून धरतात. पण रिकामी गाडी? मागं वजनच नाही. त्यात ब्रेक मारला की गाडीचा भार आणखी पुढं झुकतो आणि मागची चाकं जवळजवळ तरंगतात. तेव्हा ती आधी जाम होतात, आणि मागची चाकं जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढं यायला बघतो. पावसात माळशेज घाटातून रिकामी गाडी आणणाऱ्याला हे सांगायला नको. आपण भरलेल्या गाडीला भितो आणि रिकामी गाडी सोडतो मोकळी. खरं तर परतीच्या वाटेवरच जास्त जपायला पाहिजे.

यावर जुना उपाय म्हणजे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. मागच्या अ‍ॅक्सलपासून एक दांडी चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जाते. हौदा भरून खाली बसला की मागच्या ब्रेकला जास्त दाब, रिकामा उचलला की कमी दाब. इथं एक सांगतो. आपल्यातले बरेच जण जास्त माल भरता यावा म्हणून पाट्यांत एखादा पाटा वाढवतात. मग भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटा वाढवला असेल तर मेस्त्रीला ही दांडी दाखवा.

अमेरिकेत फोर्डनं १९८७ च्या एफ-१५० पिकअपला मागच्या चाकांचं एबीएस सरसकट दिलं. लगेच दुसऱ्या कंपन्यांच्या पिकअपमध्येही तशीच यंत्रणा आली. मोटारींत चार चाकांचं एबीएस असताना पिकअपला फक्त मागचं का? कारण तेच, रिकामा हौदा. फोर्डच्या त्या यंत्रणेत सेन्सर एकच, मागच्या डिफरन्शियलवर. दोन्ही मागच्या चाकांचा मिळून सरासरी वेग तो मोजायचा. स्वस्त आणि साधं काम. गाडी आडवी फिरायची कमी झाली, पण पुढची चाकं जाम व्हायची ती व्हायचीच, आणि जाम चाकानं स्टेअरिंग लागत नाही. म्हणून पुढं पिकअपलाही चारही चाकांचं एबीएस आलं आणि सेन्सर डिफरन्शियलवरून निघून चाकाच्या हबपाशी आले.

इथंच नवं दुखणं सुरू झालं. हबपाशी म्हणजे कुठं? जिथं चिखल उडतो, पाणी शिरतं आणि ब्रेकची उष्णता लागते तिथं.

२००५ ची गोष्ट

अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो. तो वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी गाड्यांच्या खाली उडतं आणि लोखंड खातं. २००५ च्या ऑगस्टमध्ये जनरल मोटर्सनं अशा मिठाच्या पट्ट्यातल्या राज्यांतल्या १९९९ ते २००२ मॉडेलच्या सुमारे ८ लाख पिकअप आणि मोठ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. दोष काय होता? पुढच्या हबवर सेन्सर जिथं बसतो, त्या जागेवर गंज चढायचा. गंज फुगतो. फुगलेला गंज सेन्सरला केसाकेसानं वर उचलायचा. सेन्सर आणि रिंगमधली फट वाढायची.

आता मघाची दोन वाक्यं आठवा. फट वाढलेली. गाडी हळू होत थांबायला आलेली. सेन्सर मुका. बाकीची चाकं फिरताहेत आणि हे एक एकदम शून्यावर. कॉम्प्युटरला वाटतं चाक जाम झालं, म्हणून तो ब्रेक सैल करतो. म्हणजे गाडी थांबायच्या ऐन वेळी ब्रेक सुटतो आणि गाडी काही फूट पुढं सरकते.

मार्केट यार्डात माझं हेच झालं होतं.

आणि उपाय काय होता? सेन्सर काढा, बसायची जागा साफ करा, तिला गंज न लागण्याचा लेप द्या. लागलाच तर सेन्सर बदला. बदलायच्या आधी साफसफाई.

माझ्या गाडीत पहिल्या गॅरेजनं नवा सेन्सर त्याच गंजावर बसवला होता. दुसऱ्या मेस्त्रीनं सेन्सर काढून मला बॅटरीच्या उजेडात दाखवला. "तात्या, बघा, सेन्सर तुमचा चांगला आहे. बसलाय कुठं ते बघा." खाली तपकिरी पापुद्रा, नखानं निघत होता.

आमच्याकडं रस्त्यावर मीठ नाही. पण मी त्याच गाडीतून युरिया, पोटॅश, अमोनियम सल्फेट आणतो. फाटलेल्या गोणीतून खत सांडतं, हौद्याच्या फटीतून खाली जातं, हवेतली ओल धरतं. लोखंडाच्या दृष्टीनं ते मीठच आहे. वर शेणखत आणि चिखल. खत वाहून झाल्यावर मी हौदा धुवायचो, पण चाकाच्या आतून कधी पाणी मारलं नव्हतं.

दिव्याबद्दलही एक कळलं. दिवा लागलेला असतो तेव्हा कॉम्प्युटर एबीएस बंद ठेवतो, साधा ब्रेक चालू राहतो. म्हणजे त्या पहाटे दिवा बहुतेक विझलेला असणार आणि एबीएस चालू होतं, चुकीच्या माहितीवर. बहुतेक म्हणतो, कारण वर चिकटपट्टी होती. दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं असं नाही.

बदलायचा झाला तर

आम्ही दोघांनी मिळून काम केलं, ते क्रमानं लिहितो.

१. आधी मशीन लावून कुठल्या चाकाचा दोष आहे ते बघा. अंदाजानं चाक उघडू नका.

२. गाडी सपाट, टणक जागेवर. बाकीच्या चाकांना दगड लावा. नट आधी सैल करा, मग जॅक. नुसत्या जॅकवर कधीच काम नाही, खाली स्टँड पाहिजेच.

३. चाक काढून आधी वायर बघा. कुठं घासलीय, उंदरानं कुरतडलीय, कपलरमध्ये हिरवी बुरशी आलीय का. कधीकधी सेन्सर चांगला असतो आणि वायर तुटलेली असते.

४. जुन्या गुंडाळीच्या सेन्सरचा रोध मीटरवर साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास दिसतो. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. पण आता बऱ्याच गाड्यांत नव्या पद्धतीचे सेन्सर येतात. ते एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानं १८७९ ला शोधलेल्या परिणामावर किंवा तशाच दुसऱ्या तत्त्वावर चालतात, त्यांना बाहेरून वीज लागते आणि हळू वेगातही ते नीट बोलतात. त्यांना ओहमचा मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका, खराब होतील. आपला कुठला ते आधी विचारून घ्या.

५. बोल्ट लहान असतो, गंजलेला असतो आणि तुटतो. गंज सोडवणारा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा. सेन्सर हलक्या हातानं डावा-उजवा फिरवत काढा. हातोडा नाही. आत ठोकलात तर रिंगचे दात जातील.

६. मुख्य काम हे. बसायची जागा पॉलिश पेपरनं स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासा. भोकात फडकं कोंबा म्हणजे कचरा आत पडणार नाही. रिंग हातानं फिरवून प्रत्येक दात बघा. तडा, तुटका दात, लोखंडी कीस काही आहे का.

७. बसायच्या जागेवर पातळ ग्रीस लावा, टोकावर नाही. सेन्सर पूर्ण टेकला पाहिजे. बोल्ट घट्ट करा पण झटका देऊ नका.

८. वायर जुन्या वाटेनंच न्या, सगळ्या क्लिपा लावा. मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना ते बघा.

९. चाक बसवून नट घट्ट. चावी फिरवल्यावर दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. काही गाड्यांत थोडं चालवल्यावर विझतो. मशीननं जुना दोष पुसून घ्या. मग मोकळ्या रस्त्यावर, माणूस नाही असं बघून, अगदी हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक मारून बघा. जोरात बघून उपयोग नाही, हा दोष हळू वेगातच सापडतो.

दुसऱ्या वेळी सेन्सर लागलाच नाही. पॉलिश पेपर, स्प्रे आणि मजुरी, एवढ्यात काम झालं. पहिल्या वेळचे पैसे मात्र गेले.

शेवटी एक इशारा. एबीएस आहे म्हणून शेतरस्त्यावर भरवसा ठेवू नका. सैल मुरूम, वाळू, चिखल यात जाम चाक पुढं मातीचा ढीग लोटतं आणि त्या ढिगानं थांबायला मदत होते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून तिथं गाडी थोडी लांब जाऊन थांबू शकते. अंतर ठेवा.

पुढच्या बाजारला यार्डात तो हमाल भेटला. त्याला चहा पाजला आणि सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "आता दिवा दिसतोय ना?" दिसतोय. चिकटपट्टी काढलीय.

तुमच्यापैकी कुणी दिव्यावर पट्टी लावली असेल तर आज संध्याकाळी काढा. आणि खत वाहून झालं की हौद्याबरोबर चाकाच्या आतूनही पाणी मारा.

राम राम.